चौसष्ट अक्षरे आणि एक शिक्का

एका जंगलात कॉम्प्युटर आले. कसे आले ते विचारू नका. वीज कुठून आली तेही विचारू नका. तुम्ही फार प्रश्न विचारलेत की माझा घसा कोरडा पडतो, आणि ही गोष्ट पाण्याचीच आहे.

तर मुलांनो, त्या जंगलात उन्हाळ्यात एकच पाणवठा उरायचा. पूर्वी तिथे टिटवी नंबर पुकारायची. आज हरणे, उद्या रानडुकरे, परवा ससे. टिटवी कधी चुकली नाही. पण तिचा आवाज कर्कश होता आणि तिच्या ओरडण्याची नोंद कुठे राहत नव्हती. म्हणून तिला शाल-श्रीफळ देऊन निवृत्त करण्यात आले. शाल तिने अंड्यांखाली अंथरली. श्रीफळ फोडायला काही तिला जमले नाही.

मग बिळाबिळात, गुहेगुहेत, ढोलीढोलीत कॉम्प्युटर बसले. ज्याला पाणी हवे त्याने सकाळी ऊन डोंगराखाली उतरायच्या आत कॉम्प्युटरवर नंबर लावायचा. नंबर लागला तर पाणी. नाही लागला तर उद्या.

सोपे वाटते ना? अहो, पण त्या स्क्रीनवर चित्रेच चित्रे होती. हवामानाचे चित्र, वाघाच्या वाढदिवसाचे चित्र, हरवले-सापडलेचे चित्र, शिंगे मोजायचे चित्र. या पसाऱ्यात एका कोपऱ्यात चिंचोक्याएवढे पाण्याचे चित्र. ते सापडेपर्यंत ऊन डोंगराखाली उतरायचे आणि कॉम्प्युटर म्हणायचा, 'वेळ संपली'.

याचा सगळ्यात जास्त त्रास झाला तो खवलीमावशीला.

खवलीमावशी म्हणजे खवले मांजर. नावात मांजर आहे म्हणून दूध ठेवू नका तिच्यासमोर; ती मुंग्या खाते. अंगभर खवले, तोंडात एकही दात नाही आणि डोळे अगदी अधू. एकटी राहायची. तिला एक खोड होती. कोणतीही गोष्ट ती अर्धी करत नसे. मुंग्यांची रांग दिसली तर पहिल्या मुंगीपासून शेवटच्या मुंगीपर्यंत. आणि कागद दिसला तर पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत, नाक कागदाला टेकवून. लोक हसायचे. 'मावशी, वास घेताय की वाचताय?'

मागच्या उन्हाळ्यात तिचे अकरा नंबर हुकले. अकरा दिवस तिने पहाटे दगडावरचे दव चाटून काढले. जीभ लांब म्हणून वाचली. अकराव्या दिवशी ती बिळाच्या तोंडाशी गोळा होऊन पडली आणि शेजारच्या भेकरवहिनीला वाटले, मावशी गेली. या उन्हाळ्यात तसे झाले तर मावशी खरेच जाणार होती. हे तिला ठाऊक होते आणि भेकरवहिनीलाही ठाऊक होते.

आता ऐका. जंगलाच्या वर, कड्यावर, साळूआप्पा नावाचे एक साळींदर राहायचे. त्याला कुणी बोलवत नसे, कारण तो जवळ बसला की टोचायचा. पण डोक्याने तल्लख. त्याने या पसाऱ्यावर उपाय म्हणून एक प्रोग्रॅम केला. नाव ठेवले 'फांदी'. स्क्रीनच्या कोपऱ्यात दाबले की एक फांदी उघडायची, तिला डहाळ्या फुटायच्या. एका डहाळीवर खाणे, एकीवर कचेरी, एकीवर पाणी. पाण्यावर दाबले की नंबर. दोन दाबांत काम.

साळूआप्पाने हे फुकट दिले. नुसते फुकटच नाही, तर त्याची आतली सगळी रचनाही उघडी करून ठेवली. म्हणाला, "कुणीही आत डोकावून बघा. चूक दिसली तर सांगा. आवडलं नाही तर बदलून घ्या."

सगळ्या जंगलाला हे फार आवडले. उघडे आहे म्हणजे कुणीतरी आत बघितलेच असणार, असे भेकरांना वाटले. भेकरांनी बघितले असणार, असे सशांना वाटले. सशांनी बघितले असणार, असे मुंगसांना वाटले. असा सगळ्यांचा एकमेकांवर गाढ विश्वास होता. अशी एकी हल्ली बघायला मिळत नाही.

साळूआप्पाने फांदीबरोबर एक पानही जोडले होते. त्यावर लिहिले होते, 'आधी हे वाचा'. म्हणून ते कुणी वाचले नाही.

काय होते त्या पानावर? होती एका ठशाची माहिती. चौसष्ट अक्षरे आणि आकडे, एका ओळीत, काही अर्थ नसलेली. हा ठसा म्हणजे काय ते मी तुम्हाला सांगतो, कारण त्या जंगलात कुणी कुणाला सांगितले नाही. कॉम्प्युटरमध्ये एक छोटे यंत्र असते. त्याला फाईल खायला घातली की ते चौसष्ट अक्षरे बाहेर टाकते. तीच फाईल पुन्हा घाला, तीच अक्षरे येतात. फाईलमध्ये कुणी एका टिंबाचा जरी बदल केला तरी सगळी ओळच वेगळी येते. म्हणजे तुम्हाला मिळालेली फाईल साळूआप्पाचीच आहे की वाटेत कुणी तिच्यात हात घातला आहे, हे घरबसल्या कळते. तुमच्या फाईलचा ठसा काढा, साळूआप्पाच्या ठशाशी ताडून बघा. बस्स.

आणि त्या पानाच्या अगदी तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ होती. 'फाईल ज्याने दिली त्याच्याकडूनच ठसा घेऊ नका. ठसा मी कड्यावरच्या काळ्या दगडावर कोरून ठेवला आहे.'

आता साळूआप्पाचे स्वतःचे पान अगदीच साधे. पांढऱ्यावर काळी अक्षरे, एक फाईल, संपले. कॉम्प्युटरवर फांदी शोधायला गेले तर ते अकराव्या नंबरवर यायचे. पहिल्या नंबरवर यायचे हुप्पाशेठचे.

हुप्पाशेठ म्हणजे वानर. त्याचे 'हुप्पा सुविधा केंद्र' पाणवठ्याच्या वाटेवरच होते. त्याच्या पानावर भोपळ्याएवढे हिरवे बटण होते. 'फांदी! अस्सल! इथे दाबा!' शिवाय केंद्रात गेलात तर तो स्वतःच्या हाताने बसवून द्यायचा, वर गवती चहा पाजायचा. शेपटीने फाईल लावायचा, हाताने चहा ढवळायचा. प्राणी म्हणायचे, किती कामाचा माणूस आहे! माणूस नव्हता, पण म्हणायचे.

या हुप्पाशेठने फांदीला एक छोटी डहाळी जास्तीची जोडली. बाहेरून दिसत नव्हती. तुम्ही नंबर लावला की स्क्रीनवर यायचे, 'नंबर लागला. अभिनंदन!' आणि तुम्ही खुशीत उठलात की तो नंबर गुपचूप वानरांच्या टोळीतल्या एकाच्या नावावर जायचा.

हे मी तुम्हाला आधीच सांगून टाकले. मला रहस्यकथा येत नाहीत. आणि ज्या गोष्टी सगळ्यांना दिसू शकत होत्या, त्यांना मी रहस्य तरी का म्हणू?

इकडे कचेरीत गवासाहेब होते. मोठा रानगवा, जंगलातला एकमेव राजपत्रित अधिकारी. 'आधी हे वाचा' या पानातला एकच शब्द कुणीतरी त्यांच्या कानावर घातला होता. पडताळणी. साहेबांना शब्द भलताच आवडला. त्यांनी लगेच परिपत्रक काढले.

'सर्व प्राण्यांनी फांदी बसवावी. जुनी चित्रे वैशाखी पौर्णिमेला बंद होतील. फांदीची पडताळणी सक्तीची आहे. पडताळणीचा दाखला सादर केल्याशिवाय पाण्याचा नंबर मिळणार नाही.'

झाले. ज्या कामाला दोन डोळे पुरत होते, त्याला आता अर्ज लागू लागला.

हुप्पाशेठने लगेच सोय केली. फांदीबरोबर तो एक छापील कागदही देऊ लागला. कागदावर ठसा. साळूआप्पाचा नव्हे, हुप्पाशेठच्या बदललेल्या फाईलचा. प्राणी घरी जायचे, हुप्पाशेठने दाखवल्याप्रमाणे फाईलचा ठसा काढायचे, कागदाशी ताडून बघायचे. तंतोतंत जुळायचा. का नाही जुळणार? मग तो कागद घेऊन कचेरीत रांग. गवासाहेब जांभळाच्या रसात शिक्का बुडवायचे आणि न बघता दाबायचे, 'मूळ प्रतीवरून पडताळून पाहिले. बरोबर आहे.' मूळ प्रत साहेबांनी जन्मात पाहिली नव्हती. पण शिक्क्यात लिहिलेच होते, त्याला ते तरी काय करणार?

खवलीमावशीनेही फांदी हुप्पाशेठकडूनच घेतली. तिला कुठे माहीत होते! पण घरी येऊन ती 'आधी हे वाचा' वाचायला बसली. नाक स्क्रीनला टेकवून. पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत. तळाची बारीक ओळ आली आणि ती थांबली.

ती भेकरवहिनीकडे गेली. "वहिनी, तुम्ही ठसा ताडून पाहिलात?"

"अगं, पाहिला की! परवाच. अक्षर न् अक्षर जुळलं."

"कशाशी जुळलं?"

"कागदाशी."

"कागद कुणी दिला?"

"हुप्पाशेठनं."

"आणि फाईल?"

"हुप्पाशेठनंच. तू अशी काय विचारतेस गं मावशी? तो बिचारा दोन्ही एकदम देतो, आपला हेलपाटा वाचतो."

मावशी म्हणाली, "त्या पानावर लिहिलंय, ठसा कड्यावरून घ्यायचा."

भेकरवहिनी हसली. मनाने वाईट नव्हती ती. मागच्या उन्हाळ्यात मावशी पडली तेव्हा ओले शेवाळ तोंडात पिळले होते ते हिनेच. "कड्यावर? या उन्हात? चार अक्षरांसाठी?"

"चौसष्ट," मावशी म्हणाली.

आणि निघाली.

खवले मांजर कसे चालते पाहिले आहे का? मागच्या पायांवर, पुढचे पंजे छातीशी धरून, देवाला निघालेल्या म्हातारीसारखे. कड्यावर पोचायला तिला दीड दिवस लागला. पाय भाजले. वाटेत दोनदा गोळा होऊन सावलीत पडली. पण पोचली.

साळूआप्पा दगड पुसत होता.

"कोण?" त्याने काटे फुलवले.

"मी खवली. खालच्या जंगलातली. ठसा बघायला आले."

काटे हळूहळू खाली बसले. "ठसा बघायला? खरंच?"

"तुम्हीच लिहिलंय ना, दगडावर आहे म्हणून?"

"लिहिलंय मी. पण ते वाचलं कुणी?" साळूआप्पाचा आवाज जरा चिरकला. "बाई, सगळं जंगल फांदी वापरतंय म्हणतात. आजवर या दगडाशी कोणी आलं नाही. मी तरी रोज पुसतो. आलंच कुणी, तर धुळीत नको दिसायला."

त्याने तिला माठातले पाणी दिले. ती प्यायली. मग तिने सागाचे एक पान घेतले आणि नखाने एकेक अक्षर त्यावर कोरले. बी, सात, सात, एफ, शून्य. साळूआप्पा दगडावरून वाचायचा, ती पानावरून परत म्हणायची. सगळी चौसष्ट झाल्यावर दोघांनी उलटीकडून एकदा म्हटली. कुणाला हे हास्यास्पद वाटेल. मला नाही वाटत. आपले काम मन लावून करणारे दोघे जण एका दगडापाशी बसले होते, आणि त्या सबंध जंगलात त्या दिवशी एवढेच एक शहाणपणाचे काम चालले होते.

घरी येऊन मावशीने फाईलचा ठसा काढला आणि पानाशी लावला. पहिले अक्षर पानावर बी, स्क्रीनवर तीन. दुसरे सात, स्क्रीनवर ए. तिसरे नाही. चौथे नाही.

तिला वाटले, डोळे दगा देताहेत. तिने पाणी नव्हते म्हणून थुंकीने डोळे पुसले आणि पुन्हा लावले. तीनदा लावले. ठसा जुळत नव्हता.

म्हणजे फाईल साळूआप्पाची नव्हती. मावशीने ती पुसून टाकली. साळूआप्पाचे अकराव्या नंबरचे साधे पान शोधले, तिथून फांदी उतरवून घेतली, ठसा काढला. बी, सात, सात, एफ, शून्य. चौसष्टच्या चौसष्ट. मावशीला इतका आनंद झाला की ती एकटीच बिळात मोठ्याने म्हणाली, "जुळला गं बाई!"

मग तिने फांदी बसवली. अक्षरे मोठी करून घेतली, तशी सोय साळूआप्पाने ठेवली होती. पाण्याची डहाळी सगळ्यात वर आणली. बाकीच्या डहाळ्या मिटून टाकल्या. एक फांदी, एक डहाळी. अधू डोळ्यांना आणखी काय हवे?

पण दाखला? दाखल्याशिवाय नंबर नाही. पौर्णिमा दुसऱ्या दिवशी.

ती सागाचे पान घेऊन कचेरीत गेली. पानावर तिने ठशाखाली लिहिले होते, 'हुप्पा केंद्रातून मिळालेल्या फाईलचा ठसा मूळ ठशाशी जुळत नाही. सर्वांना सावध करावे.'

गवासाहेबांनी पान न बघताच शिक्का उचलला.

"साहेब, आधी वाचा तरी," मावशी म्हणाली. "जुळत नाही असं लिहिलंय त्यात."

"जुळत नाही?" साहेबांचा शिक्का हवेतच राहिला. "म्हणजे?"

"फाईल बदललीय कुणीतरी. सगळ्यांची."

साहेबांनी टेबलाचे खण उघडून पाहिले. एक खण, दुसरा खण. मग म्हणाले, "हे बघा बाई, आमच्याकडे 'बरोबर आहे' असा एकच शिक्का आहे. 'जुळत नाही'चा शिक्का मागवावा लागेल. तो येईपर्यंत पावसाळा येईल. तुम्हाला दाखला हवाय की नको?"

"हवाय. पण..."

"मग पण कशाला?"

आणि त्यांनी शिक्का दाबला. 'ठसा जुळत नाही' या वाक्याखाली जांभळ्या रंगात उमटले, 'मूळ प्रतीवरून पडताळून पाहिले. बरोबर आहे.'

मुलांनो, त्या कचेरीत आजवर दाबलेल्या शिक्क्यांपैकी हा एकच शिक्का खरा होता. साहेबांना त्याची कल्पना नव्हती.

मावशीने घरी जाताना भेकरवहिनीला गाठले. "वहिनी, तुमच्याकडची फांदी काढून टाका, तिचा ठसा जुळत नाही. माझ्याकडची घ्या. मी ताडून बघितलीय."

"तुझ्या फांदीला हुप्पाशेठचा कागद आहे?"

"नाही. कड्यावरचा ठसा आहे."

"मग नको गं बाई," भेकरवहिनी म्हणाली. "उगीच काही बिनसलं तर? सगळ्यांनी घेतलीय तीच बरी."

पौर्णिमा झाली. जुनी चित्रे बंद पडली. सगळ्या जंगलाने फांदी दाबली, पाणी दाबले. 'नंबर लागला. अभिनंदन!' सगळे नटूनथटून पाणवठ्यावर गेले. तिथे वानरे डुंबत होती.

कचेरीतल्या यादीत बघितले तर नावे वानरांचीच. प्राण्यांना वाटले, आपलेच काहीतरी चुकले. कॉम्प्युटर कशाला चुकेल? प्रत्येक जण खाली मान घालून घरी गेला आणि दुसऱ्या दिवशी जरा जास्त जोरात दाबू लागला. पुन्हा अभिनंदन. पुन्हा वानरे. लाजेपोटी कुणी कुणाला सांगेना. पाच दिवस असे गेले. सशांची पिल्ले मुळे चघळू लागली. भेकरवहिनीच्या ओठांना चिरा पडल्या.

आणि त्या पाच दिवसांत दुसऱ्या दिवशी आणि पाचव्या दिवशी खवलीमावशीचा नंबर होता. दोन्ही दिवस ती गेली, यादीत नाव होते, पाणी प्यायली. पहिल्या घोटाला तिच्या डोळ्यांतून पाणी आले. एक उन्हाळा तरी पार पडेल, असे तिला वाटले असेल.

पाचव्या दिवशी भेकरवहिनीने तिला पिताना पाहिले.

तुम्ही म्हणाल, बरे झाले, आता वहिनीच्या डोक्यात प्रकाश पडेल. पडला. तिने जाऊन सगळ्यांना सांगितले, "आपल्या सगळ्यांचं पाणी गेलं. त्या खवलीचं एकटीचं कसं राहिलं?"

"वानरांचंही राहिलंय," एक ससा हळूच म्हणाला.

"त्यांचं वेगळं. त्यांना कॉम्प्युटर येतो. हिला तर धड दिसतही नाही. हिला कसं जमलं?"

हे सगळ्यांना पटले. म्हणजे काहीतरी काळेबेरे असणारच.

चौकशी बसली. चौकशीला कोण? गवासाहेब. तांत्रिक सल्लागार कोण? हुप्पाशेठ. हसू नका. तहानलेल्यांची सभा होती ती.

"ज्यांच्याकडे पडताळणीचा दाखला आहे त्यांनी उभं राहा," गवासाहेब म्हणाले.

सगळे उभे राहिले.

"म्हणजे सर्वांची फांदी निर्दोष आहे. मी स्वतः पडताळलीय. मग दोष आला कुठून?"

"साहेब," भेकरवहिनी पुढे झाली, "खवलीला हे आधीपासून ठाऊक होतं. ठसा जुळत नाही असं तिनं मला पौर्णिमेच्या आधीच सांगितलं होतं. आमच्यापैकी कुणालाही काही ठाऊक नव्हतं. मग तिलाच कसं ठाऊक?"

सभेत कुजबुज झाली. मुद्दा बिनतोड होता.

हुप्पाशेठ शेपटी पाठीवर घेऊन म्हणाला, "मी कुणाचं नाव घेणार नाही. पण मी असं ऐकलंय की एक व्यक्ती कड्यावर जाऊन आली. दीड दिवस चालत. आता मला सांगा, सरळ मनाचा कुणी एवढा कशाला चालेल?"

"मी तुम्हाला सावध करायला लेखी दिलं होतं!" खवलीमावशी म्हणाली. "साहेबांच्या शिक्क्यासकट. कचेरीत जमा आहे. काढा ना ते पान!"

फाईल आली. फाईलमधून सागाचे पान निघाले. गवासाहेबांनी ते डोळ्यांसमोर धरले आणि पहिल्यांदाच वाचले. 'ठसा जुळत नाही. सर्वांना सावध करावे.' आणि खाली त्यांचा स्वतःचा शिक्का. बरोबर आहे. पौर्णिमेच्या आदल्या दिवसाची तारीख.

साहेबांच्या कपाळावरची शीर उडू लागली. हे पान राहिले तर साहेब राहत नव्हते.

त्यांनी ते पान तोंडात घातले. शांतपणे चावले. गिळले. थोड्या वेळाने वर आणून रवंथही केला.

"पुरावा तपासला," ते म्हणाले. "त्यात काही दम नाही."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. निकाल लागला. सर्वांचे नंबर बंद असताना एकीचा चालू राहणे हा अन्याय आहे, सबब खवलीचा नंबरही बंद करण्यात येत आहे. कड्यावरचा ठसा जंगलमान्य ठशाशी जुळत नाही, सबब साळूआप्पाने तो आठ दिवसांत दुरुस्त करावा. हुप्पाशेठ मोठ्या मनाने फांदीची नवी आवृत्ती देत आहेत. तिच्या कागदावर एकाऐवजी दोन शिक्के मारले जातील.

दोन शिक्के म्हटल्यावर टाळ्यांचा कडकडाट झाला.

साळूआप्पाला निरोप गेला. त्याचे एका ओळीचे उत्तर आले. 'ठसा मी ठरवत नाही, फाईल ठरवते.' उद्धट उत्तर म्हणून त्याची नोंद झाली.

खवलीमावशी बिळात आली. तिच्या कॉम्प्युटरवर साळूआप्पाची फांदी होती, खरी, चौसष्ट अक्षरांची. तिच्यावर नंबर लागत नव्हता, कारण तिला आता मान्यता नव्हती. कड्यावर जावे तर पायांत तेवढे बळ उरले नव्हते. दोन दिवस तिने दव चाटले. पण वैशाखात दव ते किती पडणार?

तिसऱ्या दिवशी भेकरवहिनी आली. ओठांच्या चिरांतून रक्त येत होते, पण आवाजात माया होती. "मावशी, हट्ट सोड. हुप्पाशेठकडची घे. मी बसवून देते. अगं, एकटं पडून कसं चालेल?"

मावशीने मान वर केली. मग म्हणाली, "वहिनी, त्यावरून तुम्हाला पाणी मिळालं?"

"अजून नाही. पण नंबर लागतो ना रोज!"

मुलांनो, मला इथे मावशीने नाही म्हटले असे सांगायचे होते. मी तशीच गोष्ट रचत होतो. पण तिच्या घशाला कोरड पडली होती, आणि दाराशी आलेली ती एकटीच शेजारीण होती. मावशी बाजूला सरकली.

भेकरवहिनीने साळूआप्पाची फांदी पुसली. हुप्पाशेठची बसवली. अक्षरे पुन्हा बारीक झाली. ठसा काढायला यंत्र उघडू लागली तेव्हा मावशीने तिचा पाय धरला. "राहू दे," ती म्हणाली.

तिने नाक टेकवून पाण्याची डहाळी शोधली आणि दाबली. 'नंबर लागला. अभिनंदन!'

भेकरवहिनीने तिला मिठीच मारली. खवले टोचले तरी सोडेना. मग दोघी मिळून पाणवठ्यावर गेल्या. वाटेत ससे भेटले, मुंगसे भेटली. सगळे मावशीशी हसून बोलले. एकाने तर तिला हात दिला. पाणवठ्यावर वानरे डुंबत होती. सगळे जण काठावर ओळीने बसून बघत राहिले आणि ऊन चढल्यावर उठून घरी गेले.

त्या दिवशी खवलीमावशीला पाणी मिळाले नाही. पण तिच्यावर कुणी संशयही घेतला नाही.

तात्पर्य : पडताळणी प्रत्येकाने अवश्य करावी. निकाल मात्र चारचौघांचा आला असेल तोच आपलाही येऊ द्यावा.